एक तास पस्तीस मिनिटं

१

मी पोटासाठी अंतरं लिहिते. प्रवासाची माहिती देणारी एक वेबसाइट आहे, तिच्यासाठी रोज ढीगभर पानं तयार करायची: अमुक शहर ते तमुक शहर, अंतर किती, विमानाला वेळ किती. तुम्ही फोनवर असं काही शोधलंत तर पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात जो आकडा दिसतो, तो माझ्यासारखीच कुणीतरी कंटाळलेली मुलगी तिथे बसवते.

त्यामागे फार अक्कल नसते. नकाशावर दोन शहरांची दोन टिंबं घ्यायची, टिंबांमधली सरळ रेघ मोजायची, तिला विमानाच्या वेगाने भागायचं आणि चढ-उताराचा अर्धा तास वर टाकायचा. झालं. त्यात धुकं नाही, रांग नाही, उलटा वारा नाही, धावपट्टी मोकळी होईपर्यंत आकाशात घातलेल्या घिरट्या नाहीत. त्या सरळ रेघेवरून एकही विमान उडत नाही. तेवढ्या वेळात आजवर कुणीही कुठेही पोचलेलं नाही. हे मला माहीत आहे, माझ्या साहेबांना माहीत आहे. लोकांना आकडा मिळाला की बाकीशी देणंघेणं नसतं.

आमचं घर एका शहरात आणि माझी नोकरी दुसऱ्यात. त्या दोन शहरांचं पानही मीच लिहिलं. एक तास पस्तीस मिनिटं. तिकिटावर दोन तासांच्या वर असतात. प्रत्यक्षात किती लागतात ते विचारू नका.

ते पान बाबांना सापडलं आणि तिथून सगळं बिनसलं.

२

बाबा बस डेपोत कंट्रोलर होते. त्यांच्या टेबलामागे हुक ठोकलेली लांब फळी असायची आणि प्रत्येक गाडीचा एक पितळी बिल्ला. गाडी वाटेवर असली की बिल्ला एका हुकावर, आली की दुसऱ्यावर. पण बाबांच्या डेपोची एक रीत होती. ठरलेली वेळ झाली की गाडी फाटकात दिसो न दिसो, बिल्ला "आली"च्या हुकावर जायचा. नाहीतर वरून विचारणा व्हायची, आणि विचारणेला उत्तर देण्यापेक्षा बिल्ला सरकवणं सोपं.

"आधी वेळ येते," बाबा सांगतात, "गाडी मागून येते. न आलेली गाडी मी तरी पाहिलेली नाही."

निवृत्त होताना त्यांनी त्या फळीचा एक तुकडा मागून आणला. मी नोकरीला बाहेर पडले तेव्हा तो दाराशेजारी ठोकला. दोन हुक. एकाखाली लिहिलं "इथे", दुसऱ्याखाली "तिथे". एक बिल्ला, त्याच्यावर खिळ्याने कोरलेलं माझं घरचं नाव: भिंगरी.

"आणि 'वाटेवर'चा हुक?" मी विचारलं होतं.

"घरात कशाला तो? वाटेत कुणी राहतं का?"

पूर्वी ते निदान माझ्या फोनची वाट बघायचे. मी "पोचले" म्हणायचे, मग बिल्ला सरकायचा. ते पान सापडल्यापासून फोनची गरजच संपली. विमानाची सुटायची वेळ, अधिक एक तास पस्तीस मिनिटं. घड्याळात तेवढे वाजले की ते उठतात, बिल्ला सरकवतात, आईला ऐकू जाईल असं "पोचली" म्हणतात आणि ताटावर बसतात.

"बाबा, तो आकडा खोटा असतो. मीच बनवते तो."

"तू बनवलायस म्हणून तर धरला. स्वतःच्या लिहिण्यावर विश्वास नाही तुझा?"

पालथ्या घड्यावर पाणी. मी तो विषय सोडून दिला.

३

त्या सोमवारी सकाळी विमानाची दारं लावून आम्हाला धावपट्टीच्या कडेला उभं करून ठेवलं होतं. पुढे रांग होती म्हणे. माझ्या शेजारचा माणूस तोंड उघडं टाकून झोपला होता. बाबांचा फोन आला.

"पोचलीस," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"बाबा, मी अजून इथेच आहे. विमान हललंसुद्धा नाही."

"बरं, बरं. खोलीवर जाऊन खाऊन घे आधी."

"ऐकताय का तुम्ही? मी आपल्याच गावात आहे. खिडकीतून आपली पाण्याची टाकी दिसतेय मला."

"बिल्ला सरकवला मी."

"मग काढा आणि परत ठेवा."

"सरकवलेला बिल्ला परत आणत नाहीत." हे ते मला डेपोतल्या नव्या पोराला सांगावं तसं सांगत होते. "सगळा घोळ होतो त्याने."

मी फोन ठेवला. शेजारचा माणूस जागा झाला होता आणि माझ्याकडे बघत होता, म्हणजे मी ओरडले असणार.

खोलीवर पोचायला दुपार झाली. माझ्याबरोबर राहणारी मुलगी नर्स आहे. रात्रपाळी करून आली होती आणि डोळ्यांवर हात आडवा टाकून पडली होती. दार वाजलं तशी हाताखालून म्हणाली, "विसरलीस काही?"

"काय विसरले?"

"आत्ताच ऑफिसला गेलीस ना?"

"मी आत्ता येतेय. बॅग दिसत नाही का हातात?"

तिने हात बाजूला केला. बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सकाळी आलीस की. पाणी तापवलंस, अंघोळ केलीस. मी विचारलं, प्रवास कसा झाला, तर म्हणालीस, हो."

"कसा झाला याला 'हो' कोण म्हणतं?"

"मला तेच वाटलं. पण सकाळी सकाळी तुझ्याशी कोण डोकं लावणार?"

मी न्हाणीघरात गेले. माझा टॉवेल ओला होता. ओला असण्याचं काही नाही, तिने वापरला असेल आणि आता वेड पांघरून पेडगावला जात असेल. पण तो नीट चार घड्या करून, कडेला कड जुळवून दांडीवर टाकला होता. ती टॉवेल खुर्चीवर फेकते. मी पलंगावर फेकते. या खोलीत घडी कुणीच करत नाही.

मी बाहेर येऊन तिच्याशी टॉवेलवरून भांडले. चांगलं अर्धा तास. भांडताना बरं वाटत होतं, कारण टॉवेलवरून भांडता येतं.

४

पुढच्या खेपेला मी घरी निघाले होते. विमान उशिरा सुटलं, उशिरा उतरलं, आणि बॅगा यायचा पट्टा बंद पडला. घरी पोचले तेव्हा दार उघडंच होतं. बिल्ला "इथे"च्या हुकावर. बाबा आरामखुर्चीत पाय पसरून बसले होते, असे प्रसन्न की मला वाटलं पेन्शन वाढली.

"आणलंस का?" ते म्हणाले.

"काय आणायचं होतं?"

"मला काय माहीत. खाली जाऊन येते अशा बेताने उठलीस, मला वाटलं काही आणायला गेलीस." मग आईला ऐकू जाईल असं म्हणाले, "आज मात्र पोरीने मन लावून ऐकलं हो. घाटात गाडी अडकली होती ती सगळी हकीकत सांगितली. एकदाही मध्ये तोंड घातलं नाही."

घाटातली हकीकत मला पाठ आहे. ती मी आजवर एकदाही शेवटपर्यंत ऐकलेली नाही, कारण तिच्यात बाबा प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाला शहाणा ठरवतात, आणि मला ते सहन होत नाही.

"मी आत्ता आले, बाबा."

"आत्ता म्हणजे मघाशी."

"आत्ता म्हणजे आत्ता. ही बॅग, हा माझा घाम."

"बरं," बाबा म्हणाले आणि डोळे मिटले. कटकट सुरू झाली की ते डोळे मिटतात.

माझ्या खोलीत पलंगावरची चादर ताणून घातली होती, आणि तिच्या मधोमध एक चौकोनी खळगा होता. बॅग ठेवून उचलल्यावर पडतो तसा. एका कडेला चाकांच्या जागी दोन लहान खोलगट खुणा. मी माझी बॅग त्या खळग्यात ठेवून बघितली. तंतोतंत बसली. मग वाटलं, आईने जुनी बॅग काढून वाळवली असेल, कपाटं आवरली असतील. घरात बॅगा काय कमी आहेत? मी बॅग उचलली. माझ्या चाकांनी चादरीवर धुळीचे दोन काळे ठिपके उमटवले. आधीच्या खुणा स्वच्छ होत्या. ती बॅग जमिनीवरून आलीच नव्हती.

आई स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून उभी होती.

"आई, बाबांना डॉक्टरांकडे न्यायला हवं. कुणी आलेलं नसताना त्यांना मी दिसते."

"मी पण आवाज ऐकला," आई वळून न बघता म्हणाली.

"काय म्हणत होते मी?"

"हो म्हणत होतीस."

"नुसतं हो?"

"हो."

तिने नळ बंद केला. पदराला हात पुसले. "मला नाही आवडलं," म्हणाली.

"काय?"

"तुझं ते शहाण्यासारखं वागणं."

मला हसू यायला हवं होतं. पंचवीस वर्षं या बाईने मला शहाण्यासारखं वागायला सांगितलंय.

५

मी ऑफिसात जाऊन ते पान उघडलं आणि एक तास पस्तीस खोडून पाच तास लिहिलं. माझं पान, माझा आकडा. दुसऱ्या दिवशी उघडलं तर पुन्हा एक तास पस्तीस. साहेब म्हणाले, "सगळे आकडे रात्री आपोआप ताजे होतात. सूत्र आहे ना ते, तुझ्या हातात नाही आता."

"पण आकडा चुकीचा आहे."

"सगळेच चुकीचे आहेत. या एकट्यावर तुझा एवढा जीव का?"

आमच्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक प्रश्न असतो: ही माहिती उपयोगी पडली का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. तो प्रश्न कुणी वाचत नाही. दाबतं कोण? त्या पानावर मात्र काही "हो" जमले होते. मी तारखा काढून बघितल्या. माझ्या प्रवासाच्या तारखा होत्या. प्रत्येक खेपेला एक.

बाबांचा असणार. मी त्यांना फोन लावून झापलं.

"कसला चौकोन?" बाबा म्हणाले. "मी आकडा बघतो आणि बंद करतो. खाली कोण जातंय?"

"बरं, ते सोडा. यापुढे मी स्वतः फोन करून पोचले म्हणेपर्यंत बिल्ल्याला हात लावायचा नाही. एवढं करा माझ्यासाठी."

"एका बिल्ल्याने तुझं काय घोडं मारलंय?"

काय सांगणार? की बाबा, मी वाटेत असते तेव्हा तुम्ही मला पोचवून टाकता, आणि मग कुणीतरी पोचतं? हे वाक्य तोंडात जुळवून बघितलं आणि माझीच मला लाज वाटली. शिकलेली मुलगी मी. नर्स अर्धवट झोपेत होती. बाबांचं वय झालंय. आई बाबांचं ऐकून तसंच म्हणते. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या घेतल्या की कुठेच काही अडत नव्हतं.

"नाही हात लावणार म्हणा," मी म्हटलं.

"बघू," बाबा म्हणाले. आणि मग सहज, हवापाण्याचं बोलावं तसं, "अगं, तुझ्या आईच्या पित्ताशयात खडे निघालेत. ऑपरेशन करायचं म्हणतात."

ते मला शेवटी सांगण्याइतकंच महत्त्वाचं होतं. मी आईला फोन द्यायला लावला.

"साधंच आहे म्हणे," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "पण मला भुलीची भीती वाटते गं. माझी मावशी भुलीतून उठली ती कुणाला ओळखेचना. तू ये. तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही."

"येते. तुझा हात धरून बसते, मग तर झालं?"

६

ऑपरेशन दुपारी होतं, माझं विमान सकाळी आठचं. विमानतळाच्या काचांपलीकडे काहीच नव्हतं. विमानं नव्हती, धावपट्टी नव्हती, नुसता पांढरा पडदा.

"धुकं उठलं की सोडतो," काउंटरवरचा मुलगा म्हणाला.

"कधी उठेल?"

"ताई, धुक्याला विचारून सांगतो."

मी बाबांना फोन लावला. ते दवाखान्यात पोचले होते.

"विमान सुटलेलं नाही. बिल्ला कुठाय?"

"घरी."

"कुठल्या हुकावर?"

बाबा म्हणाले, "निघतानाच सरकवला. आम्ही दिवसभर दवाखान्यात. मग सरकवायला परत घरी कोण जाणार?"

मी तेव्हा काय बोलले ते लिहीत नाही. काउंटरवरचा मुलगा उठून मागच्या खोलीत गेला. बाबांनी फोन बंद केला असावा, कारण नंतर लागेना. धुकं तसंच होतं. घड्याळ मात्र चालू होतं, आणि विमानाच्या वेळेवर एक तास पस्तीस मिनिटं होऊन गेली तेव्हा मी आईच्या फोनवर लावला.

"कोण?" आई म्हणाली.

"कोण काय? मी. नाव दिसत नाही का?"

"चष्मा काढून घेतला गं. बांगड्या, चष्मा, सगळं काढून घेतात." आणि मग, "तू कशाला फोन करतेस? इथेच बसलीयेस ना?"

माझ्या समोरच्या बाकावर एक बाई बाळाला झोपवत होती. तिचा थापटणारा हात मी बघत राहिले.

"आई, तुझ्याजवळ कोण बसलंय?"

"तू. हात धरून बसलीयेस माझा. गार आहे हात. म्हटलं, गाडीची काच खाली होती का, तर म्हणालीस, हो."

नर्स असेल. चष्मा नाही, आई घाबरलेली, एखादी भली नर्स हात धरून बसली असेल आणि म्हातारीचं मन राखायला हो हो म्हणत असेल. मी स्वतःला हे सांगितलं आणि त्याच दमात मला असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

"चष्म्याबरोबर अक्कलही काढून ठेवलीस का गं?" मी म्हटलं. "पोटची पोर ओळखता येत नाही तुला? मी इथे सकाळपासून उपाशी बसलेय, त्या बाबांच्या बिल्ल्यापायी डोक्याची मंडई झालीय माझी, आणि तू तिथे कुणाचाही हात धरून बसतेस? मी मेले तरी तुम्ही दोघं बिल्ला सरकवून जेवायला बसाल."

पलीकडे कुठेतरी चाकं फिरल्याचा आवाज, कुणालातरी मारलेली हाक. मग आई अगदी हळू बोलली. तोंडावर हात धरून बोलत असावी.

"तू तिकडे आहेस."

"मग कधीची काय सांगतेय?"

"मला मघाशीच शंका आली होती. मुद्दाम तुझ्या नोकरीला नावं ठेवली. तुझ्या केसांना नावं ठेवली. लग्नाचंसुद्धा काढून बघितलं. सगळ्याला हो म्हणते."

"लग्नालासुद्धा?"

"लगेच."

"आई, तिला तिथून घालव."

"थांब." मग तिने आवाज चढवला, प्रेमळ, घरातला आवाज. "बाळा, जरा पाण्याची बाटली भरून आण गं माझी."

खुर्ची सरकली. कुणीतरी उभं राहिलं. आणि फोनच्या इतक्या जवळून, की माझ्याच कानात बोललं गेलं असं वाटावं, आवाज आला, "हो."

स्वतःचा आवाज रेकॉर्ड केलेला ऐकला की कसा लागतो, ओळखीचा आणि जरा पातळ? तसा. मग चपलांचा आवाज लांब गेला. डावी चप्पल किंचित घासत होती. माझी डावी चप्पल घासते.

"गेली," आई म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "ऐक. माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही, त्यात ती भूल. मला काही कळायचं नाही. तू आलीस की आधी माझ्याशी भांड. मग मी ओळखेन. भांडशील ना?"

"हे काय सांगायला हवं?"

"मी थांबते. तू ये."

७

विमानात मी भांडणं पाठ केली. आजार लपवल्याचं भांडण. बाबांना कधीच न टोकल्याचं भांडण, ते जुनं आणि भक्कम होतं. मला न विचारता माझी पुस्तकं वाटून टाकल्याचं. केसांचं. मी ती क्रमाने लावली, सुरुवातीची वाक्यं ओठांत घोळवली. खिडकीबाहेर पांढऱ्यावर पांढरं होतं, आणि विमान हलत नसल्यासारखं गुरगुरत होतं.

टॅक्सीवाल्याला मी एवढ्या वेळा "जरा दामटा" म्हटलं की शेवटी तो म्हणाला, "बाई, तुम्हीच चालवता का?"

दवाखान्याच्या लांब बोळात बाबा बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"बाटली कुठाय?"

"आई कुठाय?"

"आत नेलं, केव्हाच. तू पाणी आणायला गेलीस ती गेलीसच. आणि ऑपरेशनच्या आधी पाणी देतात का कधी? तिने सांगितलं नि तू निघालीस."

"ती थांबणार होती. मी येईपर्यंत थांबते म्हणाली होती."

"हट्टाला पेटली होती. मुलगी येऊ दे म्हणे. मी म्हटलं, आलीय, खाली गेलीय. तर म्हणते, ती नव्हे. डॉक्टर हसायला लागले. भूल द्यायच्या आधीच बरळते म्हणाले."

मी बाबांवर ओरडले. बोळातली माणसं वळून बघायला लागली. एक म्हातारा काठी सावरून लांब जाऊन बसला. मी म्हटलं, मी आत्ता विमानातून उतरलेय, हे माझं तिकीट, हा त्याच्यावरचा शिक्का, तुम्हाला आयुष्यात एकदा तरी गाडी फाटकात आलीय का ते बघून बिल्ला सरकवता येणार नाही का?

बाबा माझा हात धरून मला खाली बसवायला लागले.

"हळू," ते म्हणाले. "पोचलीस ना? मग झालं तर."

मी बोळाच्या दोन्ही टोकांकडे बघत बसले. पाण्याचं यंत्र डाव्या टोकाला होतं. त्याच्यापाशी कुणी नव्हतं. नळ थोडा उघडा राहिला होता आणि त्याखाली फरशीवर पाणी साचलं होतं.

८

"एकाच माणसाला आत सोडते," दारावरची बाई म्हणाली. "कोण मुलगी? या. जास्त बोलायचं नाही. शुद्धीवर येताहेत."

खोली लहान होती. अर्ध्या दाराला धुरकट काच होती. आई पलंगावर इतकी सपाट दिसत होती की पांघरूण नुसतंच अंथरलंय असं वाटावं. ओठ कोरडे पडून सोललेले. हातात सुई, सुईवर चिकटपट्टी, पट्टीखाली निळा डाग. बांगड्या नसलेलं तिचं मनगट मी कधी बघितलं नव्हतं. एवढंसं होतं ते.

मी तिचा दुसरा हात हातात घेतला. माझा हात गार असणार. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं.

तिने डोळे उघडले. ते माझ्या चेहऱ्यापर्यंत यायला वेळ लागला. आले, आणि चेहऱ्यावरून घसरून पुन्हा आले.

"भांड," ती म्हणाली. आवाज नव्हता, नुसती हवा.

मला सगळं पाठ होतं. पहिलं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. पण तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानाकडे चाललं होतं आणि ते पुसायला तिचा हात उचलत नव्हता. अशा माणसाशी कोण भांडतं? ते पाणी मी बोटाने टिपलं. केस मागे सारले.

"आधी बरी हो," मी म्हटलं. "मग भांडू."

तिचं कपाळ आखडलं. "माझ्याशी भांडणार ना?"

"हो, आई."

शब्द तोंडातून गेला आणि मला तो ऐकू आला.

आईची बोटं माझ्या हातात ताठ झाली. मग ती एकेक करून निघायला लागली. शक्ती नव्हती तिला, तरी निघत होती. ती माझ्याकडे बघत होती आणि उशीत मागे मागे सरकत होती. असं कुणीही माझ्याकडे कधी बघितलेलं नाही.

"आई, मी आहे. अगं मीच."

तेवढ्यात बोळात भांडण सुरू झालं.

"किती वेळा सांगितलं, बाबा? मी स्वतः सांगितल्याशिवाय बिल्ल्याला हात लावायचा नाही. तुम्हाला कळत नाही की कळून घ्यायचं नाही?"

दाराच्या काचेपलीकडे कुणीतरी हातवारे करत होतं. केस माझ्यासारखे वर बांधलेले. एका हातात भरलेली पाण्याची बाटली होती, आणि हात हलला की पाणी काचेवर चमकत होतं. आवाज चढत गेला. आईचा आजार लपवल्याचं आलं त्यात. माझी पुस्तकं आली. वाक्यं मी लावली होती त्याच क्रमाने येत होती.

"बरं बाई," बाबांचा आवाज आला. थकलेला, मऊ. "चुकलं माझं."

पंचवीस वर्षांत ते मला हे कधी म्हणाले नव्हते.

आईने मान दाराकडे वळवली. तिच्या कपाळावरची आठी गेली. सुई लावलेला हात तिने उचलायचा प्रयत्न केला, दाराच्या दिशेने.

"आली," ती म्हणाली. "आली बघ माझी भिंगरी."

दाराची कडी खाली झाली. मी उठून दारावर हात दाबून धरले. ओरडायला तोंड उघडलं, छातीत मावेल तेवढा श्वास घेतला.

"हो," म्हणाले.